पावण्याला पाव

आमच्या कोल्हापुरात ब्रेडला दोनच कामं. एक, मिसळीच्या कटात बुडायचं. दुसरं, आजारी माणसाच्या उशाशी जाऊन बसायचं. बाकीचा महाराष्ट्र मिसळीबरोबर पाव खातो म्हणे. खाऊ दे बापडा. आम्ही स्लाइस ब्रेड खातो आणि त्यावर कुणाशी वाद घालत नाही. पण तो हॉटेलात. घरात ब्रेडचा पुडा आला, की चप्पल काढायच्या आत प्रश्न येतो, "ब्रेड? कोण आजारी हाय?"

यात काडीची अतिशयोक्ती नाही. मी एकदा सहज, चहाबरोबर खावा म्हणून ब्रेड घेऊन गल्लीतून आले, तर घरी पोचेपर्यंत दोघी-तिघींनी अडवून विचारलं, आणि संध्याकाळी एक शेजारीण थर्मामीटर घेऊन दारात उभी. तेव्हापासून मला ब्रेड लागलाच तर मी तो पदराखाली घालून आणते. दारू आणावी तसा.

आणि आजाऱ्याला बघायला जायचं तर ब्रेड न्यायलाच हवा. ब्रेडचा पुडा, बिस्किटाचा पुडा, जमलं तर शहाळं. नेला नाही तर "हात हलवीत आलाता" असं पुढची दहा वर्षं ऐकायचं. आजाऱ्याला तो पचतो का, आवडतो का, कुणी विचारत नाही. ब्रेड दिला की कर्तव्य संपलं, आणि मग कॉटच्या कडेला बसून आपल्या ओळखीत ह्याच आजारानं कोण कोण गेलं ते सविस्तर सांगायचं.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी असे एवढे ब्रेड साठले, की फ्रिजवर उतरंड झाली. कारण आजारी पडली होती आत्ती.

आत्ती म्हणजे माझी सासू. माझं माहेर आजऱ्याकडचं. तिकडं कानडी वारं लागतं, म्हणून आम्ही सासूला आत्ती म्हणतो. लग्न होऊन आले तेव्हा इथल्या बायका हसल्या, पण आत्ती म्हणाली, "म्हणू दे तिला. सासू म्हणाय लागली म्हंजे वाईट." आणखी एक सांगून ठेवते. आमच्यात बायकासुद्धा "मी आलो, मी गेलो" असंच बोलतात. लिहिताना मी शाळेतल्या बाईंच्या धाकानं "आले, गेले" लिहिते, पण तोंड उघडलं की आलो-गेलोच. पुण्याची माणसं दचकतात. दचकू देत.

तर आत्ती. ही बाई जिभेवर चटणी घेऊनच जन्माला आली असणार. मी पहिल्यांदा आमटी केली, तेव्हा तिनं वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "ही आमटी हाय, का कुणी हात धुतलेलं पाणी?" मी रडले. मग चिडले. मग दुसऱ्या दिवशी आमटीत एवढं तिखट घातलं, की सासरे जेवता जेवता उठून अंगणात गेले. आत्ती मात्र भुरकत राहिली आणि म्हणाली, "आत्ता जरा माणसात आलीस." तेव्हापासून आमचं जे भांडण सुरू झालं, ते काही थांबलं नाही. आमच्या घरात घड्याळ नसतं तरी चाललं असतं. सकाळचं भांडण, दुपारचं भांडण, दिवेलागणीचं भांडण, त्यावर गल्ली आपली कामं लावून घेत असे.

सगळ्यात मोठं भांडण वर्षातून एकदा, चटणीचं. परगावच्या माणसाला चटणी म्हटलं की खोबऱ्याची वाटते. आमची चटणी म्हणजे वर्षाचा तिखट मसाला. उन्हाळ्यात मिरच्या आणायच्या, वाळवायच्या, देठ काढायचे, भाजायच्या, कांदा-लसूण-खोबरं-धणे सगळं तयार करायचं आणि डंकावर नेऊन कुटून आणायचं. ती बरणीत भरली, की वर्षाचा घोर मिटला. ह्या सगळ्याची सेनापती आत्ती. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला आणि लवंगी अक्कल ठिकाणावर आणायला, असं ती म्हणायची. कुठली किती, ते तिच्या मुठीला ठाऊक. मी दर वर्षी म्हणायचे, "आत्ती, ह्या खेपंला मी करतो की." आणि दर वर्षी ठरलेलं उत्तर यायचं, "कर की. मी मेल्यावर कर."

तिला टायफॉइड झाला. दवाखान्यात ठेवावं लागलं, सलाइन झालं, पथ्य झालं, ताप उतरला, घरी आणली. शेवटच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट एकदम चांगले आहेत. आता पथ्यसुद्धा नाही. सगळं खाऊ दे, घरात हिंडू-फिरू दे." आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मात्र खाल्लं पाहिजे. ह्या वयात माणूस एकदा अंथरुणाला चिकटलं, की उठवणं अवघड."

आणि आत्ती अंथरुणाला चिकटली. मधल्या खोलीतल्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. काही पुढं केलं, की म्हणायची, "त्वांडाला चव न्हाय. माती खाल्ल्यागत लागतंय." खीर माती, खिचडी माती, मऊ भात माती. दिवसभरात चहात बुडवून अर्धी ब्रेडची स्लाइस, बास. मी ताट घेऊन जायचे आणि तसंच परत आणायचे. ती ओरडत नव्हती. मी मुद्दाम भात करपवला, तरी काही बोलली नाही. कोल्हापूरच्या बाईनं चटणी मागू नये, याहून मोठं दुखणं कुठलं?

घर असं गप्प झालं, की समोरच्या काकू एकदा येऊन हळूच विचारून गेल्या, "भांडणं काय बंद हाईत व्हय तुमची? बरं चाललंय न्हवं सगळं?"

मग मी डाव टाकला. बाजारात जाऊन मिरच्या आणल्या. आणि मुद्दाम, कळून-सवरून, लवंगी जरा जास्तच आणली. म्हटलं, एवढी लवंगी बघून तरी म्हातारी खवळेल, उठून बसेल, माझी अक्कल काढेल. पोती तिच्या कॉटसमोर ओतली. "आत्ती, मिरच्या आणल्यात. बघा की जरा, बरोबर हाईत का?"

तिनं मान वळवली नाही. म्हणाली, "तुझं तू बघ."

तुझं तू बघ. इतकी वर्षं हे शब्द ऐकायला माझे कान आसुसले होते. आणि ऐकले, तर नकोसे झाले. "मी मेल्यावर कर" म्हणणारी बाई जिवंतपणीच "तुझं तू बघ" म्हणते, याचा अर्थ काय तो मला कळत होता, पण मनात आणायचा नव्हता. मी तरातरा स्वयंपाकघरात गेले आणि काही कारण नसताना भांडी आपटली.

हार मानणाऱ्यातली मी नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या कॉटपुढंच पोतं अंथरलं आणि देठ काढायला बसले. मिरच्यांचा खकाणा उडत होता. मी शिंकत होते, रस्त्यावरून जाणारी माणसं शिंकत होती, आमचे हे तर पेपर घेऊन पार गल्लीच्या टोकाला जाऊन बसले. तिच्या नाकाशी वास जावा म्हणून मूठभर लवंगी तिथंच खलबत्त्यात घालून कुटली. तिला ठसका लागला, उचकी लागली. मला वाटलं, आता येते शिवी. तिनं चादर डोक्यावरून ओढली. संपलं.

त्या रात्री माझे हात असे पेटले होते, की विचारू नका. लवंगीचे देठ काढलेले हात साबणानं धुवा, पिठानं चोळा, तेल लावा, आग दोन दिवस जात नाही. पण हे आमच्याकडं दर वर्षाचंच. त्याचं कुणी कौतुक करत नाही.

सकाळी पेठ वडगावहून फोन. आत्तीची धाकटी बहीण, आमची मावशी. "दुपारी येतो गं अक्काला बघाय." ही मावशी मोठी हसरी. हसायला लागली, की आधी तिचं पोट हसतं आणि मग ती. मी म्हटलं, या. फोन ठेवला आणि फ्रिजवरच्या ब्रेडच्या उतरंडीकडं बघितलं. एकदोन पुडे बुरशी धरायच्या बेतात होते, ते आधीच गल्लीतल्या म्हशीला गेले होते. बाकीचे आज नाहीतर उद्या त्याच वाटेनं जाणार. आणि आता मावशी आणखी एक आणणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

मला एकदम संताप आला. आत्तीच्या आजारावर नव्हे, त्या ब्रेडवर. जिकडं बघावं तिकडं आजारपण रचून ठेवलेलं. म्हटलं, हे आजाऱ्याचं खाणं आज घरातून काढायचं. पण अन्न टाकायचं माझ्या जिवावर येतं. मग टाकून नाही, तळून काढू. ब्रेडचे गुलाबजाम. आत्तीला गुलाबजाम म्हणजे जीव की प्राण. लग्नाच्या पंगतीत ती आधी गुलाबजाम मोजायची आणि मग नवरा-नवरीला बघायची. खव्याचा नसला, तरी गुलाबजाम तो गुलाबजाम. एक जरी तिनं मनापासून खाल्ला, तरी माझं काम झालं असतं.

यांना सांगितलं, तर पेपरमागून म्हणाले, "ब्रेडचं गुलाबजाम? पावण्याला पाव घालाय लागलीस व्हय?" आणि स्वतःच्याच विनोदावर इतके खूश झाले, की दूध आणायला गेले तेव्हा ते डेअरीवाल्यालाही सांगून आले.

मोबाईलवर एक बाई सापडली. नखं रंगवलेली, ओटा असा लखलखीत, की त्यावर कधी फोडणी उडालीच नसावी. "मैत्रिणींनो, अगदी सोप्पं आहे," ती म्हणाली. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. ब्रेडच्या कडा काढा, मधला पांढरा भाग कुस्करा, दूध शिंपडून मळा, गोळ्या करा, तळा, पाकात सोडा. झालं. तिचे झाले. दूध "अंदाजानं" घाला म्हणाली. अहो बाई, अंदाज असता तर तुमच्या दारात कशाला आले असते?

मी दूध घातलं, तर ब्रेडचा चिखल झाला. मग आणखी ब्रेड कुस्करला, तर भुगा झाला. आणखी दूध, पुन्हा चिखल. ब्रेडची मला ददात नव्हती, म्हणून हा खेळ बराच वेळ चालला. एका वाटीत सुरू केलेलं प्रकरण परातीत गेलं. ते मळ मळ मळलं. दोन्ही हातांनी, तळव्यांच्या उबेनं, पोळ्यांची कणीक तिंबावी तसं तिंबलं. तो गोळा मात्र शेवटी असा मऊसूत झाला, की मला माझाच अभिमान वाटला.

पहिला घाणा तेलात सोडला आणि मोबाईलवाल्या बाईचं काय चुकलं ते बघायला वळले. तेवढ्यात फट् करून एक फुटला. मग दुसरा. आच मोठी झाली होती. वरून काळे, आतून कच्चे, आणि कढईत ब्रेडचे धागे पोहायला लागले. हे डोकावून म्हणाले, "मिसळीवर घालाय शेव झाली बघ." मी झारा उगारला, ते गेले. मग आच बारीक केली, गोळ्यांच्या भेगा तुपाच्या बोटानं बुजवल्या आणि दुसरा घाणा सोडून ढवळत उभी राहिले. हळूहळू ते गोल फिरायला लागले, बदामी झाले, तांबूस झाले. देखणे! खव्याचेसुद्धा इतके देखणे मी कधी केले नव्हते.

पाक केला. वेलदोडे सोलले, खलबत्ता फडक्यानं चांगला पुसून घेतला, वेलदोडे कुटून पाकात घातले. घमघमाट सुटला. गुलाबजाम पाकात सोडले, ते टम्म फुगले. एक उचलून तोंडात टाकायचा फार मोह झाला. पण माझी संकष्टी होती. चंद्र उगवल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. मी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि शहाण्यासारखी बाजूला झाले.

दुपारी मावशी आली. हातात काय असावं? ब्रेडचा पुडा. मी तो घेतला आणि हसून फ्रिजवर ठेवला. ती आधी आत्तीपाशी बसली. "अक्का, कशी हाईस गं?" आत्ती म्हणाली, "हाय अशी." "खातीस का न्हाय?" "त्वांडाला चव न्हाय." मग पुन्हा भिंत. मावशी डोळे पुसत सोप्यात येऊन बसली. तिला मी असं रडवेलं कधी बघितलं नव्हतं.

मी वाटीत गुलाबजाम दिले. "मावशी, घ्या. ब्रेडचं हाईत."

"ब्रेडचं?" तिनं वाटी उजेडात धरली. "अगं खव्याचं वाटत्यात की! लई झ्याक दिसत्यात." आणि अख्खा एक तोंडात टाकला. "वा!" म्हणाली. "वा वा. ग्वाड हाय. पाक बी..." आणि थांबली. तिचे डोळे जरा मोठे झाले. तिनं गिळलं. "ग्वाड हाय," ती पुन्हा म्हणाली, पण आता जरा अंदाज घेत. नाकाचा शेंडा लाल झाला. "ग्वाडच हाय की गं... खरं... पाणी दे बघू जरा."

"काय झालं, मावशी?"

"काय न्हाय. काय न्हाय. जरा..." आणि तिला सणकून उचकी लागली.

यांनी माझ्याकडं बघितलं, वाटीकडं बघितलं आणि एक उचलून चावला. चावता चावता त्यांची मिशी थरथरायला लागली. तांब्या तोंडाला लावून घटाघटा पाणी प्यायले आणि मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "आयला! जाळ अन् धूर संगटच! अगं, हे गुलाबजाम हाय का ठेचा?"

माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. खलबत्ता! काल लवंगी कुटलेला खलबत्ता! आणि हात! देठ काढलेले हे हात, ज्यांनी मी ते पीठ मळ मळ मळलं. कपाळावर हात मारून घ्यावा म्हटलं, तर त्या हातानं कपाळही पेटलं असतं. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुणी परगावाहून येते काय, रडवेली होऊन बसते काय, आणि मी तिला मिरचीच्या पाकातला ब्रेड चारते काय!

आणि मावशी हसायला लागली. आधी पोट, मग खांदे, मग सगळी मावशी. उचकी आणि हसू एकदमच. "अगं, ग्वाडात... ग्वाडात बी चटणी! कोल्हापूरची सून शोभलीस गं बाई!" हेही हसत सुटले. मी रागानं लाल, ते तिखटानं लाल.

"काय झालं गं?"

आवाज मधल्या खोलीतून आला. आम्ही तिघांनीही माना वळवल्या. कित्येक दिवसांत आत्तीनं स्वतःहून काही विचारलं नव्हतं.

मावशी वाटी घेऊन उठली. मी आडवी आले. "मावशी, नगा! टायफॉइडमधनं उठलेलं माणूस हाय. त्यास्नी काय झालं म्हंजे?"

"बघू दे की तिला सुनंचा पराक्रम."

"आण बघू हिकडं," आत्ती म्हणाली. ती कॉटवर कोपरावर उठली होती.

मावशीनं वाटी पुढं केली. आत्तीनं एका गुलाबजामचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. अगदी बेतानं, रोज माती खाणाऱ्या माणसानं खावा तसा. चावला. मी तिच्या तोंडाकडं बघत उभी. ती चावायची थांबली. डोळ्यांत पाणी आलं. मला धडकी भरली. आता रिक्षा, आता दवाखाना, आता पुन्हा ब्रेड.

"पाणी देऊ, आत्ती?"

"थांब." तिनं दुसरा तुकडा घातला. डोळे मिटले. जीभ टाळ्याला लावून टक् असा आवाज केला. चटणीची चव बघताना करायची, तसाच. "लवंगी," ती म्हणाली. "लवंगी हाय ही. येलदोडं कशात कुटलंस?"

"खलबत्त्यात."

"लवंगी कुटलेल्या?"

"पुसलता की फडक्यानं."

"फडक्यानं!" ती मावशीकडं वळली. "फडक्यानं पुसलता म्हणं." आणि मग एकदम तिचा आवाज खाली आला. वाटीकडं बघत, स्वतःशीच बोलल्यासारखं ती म्हणाली, "तिखट लागलं गं. ग्वाड बी लागलं. मला लागलं."

मावशीचं हसू थांबलं. आत्तीनं उरलेला गुलाबजाम खाल्ला. मग वाटीतला दुसरा खाल्ला. हू हू करत, नाक ओढत, पण थांबली नाही. बोटाला लागलेला पाकसुद्धा तिनं चाटला.

मग माझ्याकडं बघितलं. ती नजर मी ओळखली.

"किती आणलीस लवंगी?"

मी सांगितलं.

"किती?" ती कॉटवर ताठ बसली. "खुळी का काय तू? एवढी लवंगी घालून काय गल्ली पेटवाय लागलीस? अन् ब्याडगी कुठं हाय? ऊन दाखवलंस का न्हाय? धनं आणलंस का? खोबरं?"

"तुम्हीच म्हणलासा की, तुझं तू बघ."

"मी म्हणीन! मी म्हटलं म्हणून तू बघतीस व्हय? आमटी कराय येत न्हाय धड, अन् चटणी करतीया! सर तिकडं."

सर तिकडं! माझ्या आयुष्यात इतके गोड शब्द मला कुणी बोललं नसेल. तिनं पाय खाली सोडले. मी धरायला गेले, तर म्हणाली, "हात लावू नगंस, तिखट हाईत तुझं हात," आणि मावशीच्या खांद्याला धरून, एकेक पाऊल टाकत, पोत्यापर्यंत गेली. खाली बसली. मूठभर लवंगी उचलून तिनं बाजूला काढली, मग आणखी मूठभर, मग आणखी. "ही शेजारी द्यायची. ही परत द्यायची. ही तुझ्या डोक्यावर घालायची."

मी दारात उभी राहून रडायला लागले. खरं सांगते, मला ही बाई हवी होती. मला अक्कल काढणारी, आमटीला नावं ठेवणारी, मरेपर्यंत चटणीला हात लावू न देणारी आत्ती हवी होती. ती भिंतीकडं तोंड करून पडलेली, समजूतदार, गरीब म्हातारी मला नको होती. एवढे दिवस मी भांडी आपटत होते, ती ह्या भीतीनं. मी रडले, आणि रडता रडता डोळे पुसले.

त्याच हातांनी.

जी बोंब मारली, ती म्हणे तालमीपर्यंत ऐकू गेली. हे धावत आले, मावशीनं गार दूध आणलं, कापूस आणला. मी आंधळ्यासारखी भिंत चाचपत होते आणि पोत्यावरून आत्तीचा आवाज येत होता, हसून हसून फाटलेला, "रड आता! लवंगी आणतीस न्हवं? रड!"

त्या रात्री चंद्र उगवल्यावर मी नैवेद्य दाखवला आणि उपास सोडला. एक गुलाबजाम खाऊन बघितला. खोटं कशाला बोलू, चांगला लागला. आधी गोड आणि मग घशाशी सणसणीत चटका. आत्तीनं सकाळी चहाबरोबर उरलेले संपवले, आणि फ्रिजवरच्या ब्रेडकडं बोट करून म्हणाली, "त्येचं बी कर. पर येलदोडं माझ्या समोर कुटायचं."

पुढं ब्याडगी वाढली, लवंगी कमी झाली, चटणी डंकावरून कुटून आली. रंग असा, की बघत राहावं. आत्ती उंबऱ्याशी पाटावर बसून बरणीत भरत होती, कोपरापर्यंत लालभडक, आणि मी भरायला लागले तर चुकतंय म्हणून ओरडत होती. त्या दिवशी तिचा मलकापूरचा भाचा आला. बिचाऱ्याला आजाराची बातमी उशिरा कळली होती. एस.टी.तून उतरून थेट घामाघूम आलेला, चेहरा सुतकी, हातात पिशवी. उंबऱ्याशी थबकून त्यानं पिशवीतून पुडा काढला आणि दोन्ही हातांनी पुढं धरला.

आत्तीनं वर बघितलं. पुड्याकडं, मग त्याच्याकडं. चटणीचा हात कमरेवर ठेवला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "ब्रेड? कोण आजारी हाय रं?"